उलटी पट्टी, बॉम्बर आणि लाल गहू: जॉर्ज मॅकगव्हर्न यांचं राजकारण

अमेरिकेचे डेमोक्रॅटिक सिनेटर आणि १९७२ चे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याबद्दल मला तीन गोष्टी एकत्र विचारल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर उडवणारा माणूस पुढे व्हिएतनाम युद्धाचा कडवा विरोधक कसा झाला? शेतकऱ्यांचा आणि कष्टकऱ्यांचा म्हणवणारा हा नेता १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्वतःच्या शेतीप्रधान राज्यातसुद्धा का आपटला? आणि आपल्याकडे रेशनवर आलेल्या अमेरिकी लाल गव्हाशी आणि मिलोशी (लालसर अमेरिकी ज्वारीशी) त्याचा खरंच काही संबंध आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. तिसरा शेवटी घेऊ.

मॅकगव्हर्न यांच्यावरचं बहुतेक लेखन १९७२ पासून मागे जातं. त्यामुळे ते भाबडे, आदर्शवादी प्राध्यापक वाटतात. तिथून सुरुवात केली की सगळंच चुकतं. सुरुवात करायची ती १९३० च्या दशकातल्या साउथ डकोटापासून, आणि तीही डुकरांपासून.

१९ जुलै १९२२ ला ॲव्हन नावाच्या सहाएकशे वस्तीच्या गावात जन्म. वडील वेस्लियन मेथडिस्ट पाद्री. ते स्वतः नवव्या वर्षापासून कोळशाच्या खाणीत राबलेले, तेराव्या वर्षी पोरके झालेले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येते. कुटुंब नंतर मिचेल या गावी स्थिरावलं. पाद्र्याचा पगार महिन्याला शंभर डॉलरच्या वर कधी गेला नाही आणि बऱ्याचदा तो बटाटे, कोबी अशा जिनसांतच मिळायचा. आपल्याकडच्या बलुत्यासारखंच. मंदी आणि धुळीच्या वादळांच्या त्या काळात लहानग्या जॉर्जने एका शेतकऱ्याला घराच्या पायरीवर बसून रडताना पाहिलं. वर्षभर पोसलेल्या डुकरांच्या विक्रीचा चेक त्याच्या हातात होता आणि त्यातून डुकरं बाजारात न्यायच्या ट्रकचं भाडंही सुटत नव्हतं. नाशिक-सोलापूरच्या कांदा उत्पादकाला हे समजावून सांगायला नको. आडत, हमाली, तोलाई आणि भाडं कापून शेतकऱ्याकडूनच येणं निघालं की आपण त्याला ‘उलटी पट्टी’ म्हणतो. मॅकगव्हर्न यांनी पुढची पन्नास वर्षं जे केलं त्यातलं निम्मं या एका पट्टीचं उत्तर शोधण्यात गेलं.

आता विमान. डकोटा वेस्लियन कॉलेजात शिकताना सरकारच्या नागरी वैमानिक प्रशिक्षण योजनेत ते छोटं विमान उडवायला शिकले. पर्ल हार्बरनंतर, १९४२ च्या सुरुवातीला, आणखी नऊ विद्यार्थ्यांसह ओमाहाला जाऊन लष्कराच्या हवाई दलात नाव नोंदवलं. पण दलाकडे पुरेसे तळ नव्हते आणि शिक्षकही नव्हते, त्यामुळे बोलावणं यायला १९४३ चा फेब्रुवारी उजाडला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर एलिनॉर स्टेगबर्ग यांच्याशी लग्न झालं. एलिनॉर आणि त्यांच्या जुळ्या बहिणीने शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मॅकगव्हर्न यांना हरवलं होतं, ही माहिती चरित्रकार हटकून देतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एलिनॉर शेतकऱ्याची मुलगी होती आणि त्या रिपब्लिकन मुलखातलं ते डेमोक्रॅटिक घर होतं.

प्रशिक्षणानंतर वाट्याला आलं ते बी-२४ लिबरेटर. पंखांचा पसारा ११० फूट, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची चार इंजिनं, दहा जणांचा चमू. हे विमान चालवणं म्हणजे अंगमेहनतीचं काम होतं. सुकाणूला आणि पंखांच्या झडपांना यांत्रिक मदत नसल्यामुळे दाट फॉर्मेशनमध्ये आठ-आठ तास जागा धरून ठेवायची ती हातापायांच्या जोरावर. केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला नसायचा, म्हणून दहा हजार फुटांच्या वर ऑक्सिजनचा मुखवटा लावावा लागे. वर उणे ४० अंशांपर्यंतची थंडी, आणि अंगात विजेवर तापणारे सूट. त्या सूटची एखादी वायर तुटली की हाताची बोटं गोठत. बॉम्बच्या कप्प्यातून पुढे-मागे जायला नऊएक इंच रुंदीची पट्टी होती आणि त्या पट्टीवरून जाताना अंगावर पॅराशूट मावत नसे. (ज्यांना हे विमान परकं वाटतंय त्यांच्यासाठी: ब्रिटिशांनी कानपूरला भंगारात सोडलेली लिबरेटर एचएएलने दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. यातली काही पुण्याहून उडत.)

मॅकगव्हर्न १९४४ च्या सप्टेंबरात इटलीत पोचले. चेरिन्योला गावाजवळचा सॅन जोव्हानी तळ, १५ वी एअर फोर्स, ४५५ वा बॉम्ब ग्रुप, ७४१ वी स्क्वाड्रन. विमानाचं नाव ‘डकोटा क्वीन’, अर्थात एलिनॉर यांच्यावरून. पहिल्या पाच मोहिमा अनुभवी चमूबरोबर सहवैमानिक म्हणून, नंतर स्वतःच्या चमूसह. एकूण ३५ मोहिमा पूर्ण झाल्या की घरी, असा हिशेब होता.

त्यातल्या तीन प्रसंगांवर नीट थांबायला हवं.

२० डिसेंबर १९४४, लक्ष्य पिल्सनचा स्कोडा कारखाना. एक इंजिन बंद पडलं, तोफांच्या माऱ्याने दुसऱ्याला आग लागली. चारपैकी दोन इंजिनं गेल्यावर बी-२४ हळूहळू उंची गमावत जातं. शिवाय बंद इंजिनाची पाती वाऱ्याला धारेवर उभी करता आली नाहीत, तर ती वाऱ्याने फिरत राहतात आणि उलटा ब्रेक लावल्यासारखी ओढ निर्माण करतात. इटली गाठणं शक्यच नव्हतं. ॲड्रिॲटिकमधल्या व्हिस बेटावर ब्रिटिशांची, छोट्या लढाऊ विमानांसाठीची धावपट्टी होती, सुमारे २,२०० फुटांची. बी-२४ ला एरवी त्याच्या दुप्पट लांबी लागे. पट्टीच्या सुरुवातीलाच चाकं टेकवायची आणि दोन्ही वैमानिकांनी ब्रेकवर पूर्ण भार टाकायचा, एवढाच मार्ग होता. पट्टीच्या टोकाशी आधी फसलेल्या विमानांचे सांगाडे पडलेले होते. विमान थांबलं, दहाही जण वाचले. याबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

दुसरा प्रसंग मार्च १९४५ चा. पाचशे पौंडांचा एक बॉम्ब कप्प्यातच अडकून बसला. असा बॉम्ब घेऊन उतरणं म्हणजे आत्महत्या. चमूतल्या लोकांनी त्या नऊ इंची पट्टीवर उभं राहून खटपट करून तो मोकळा केला, आणि तो नेमका ऑस्ट्रियातल्या एका शेतघराच्या दिशेने गेला. वेळ दुपारची, जेवणाची. शेतकऱ्याच्या पोराला हे घड्याळ ठाऊक होतं: त्या वेळी सगळं घर जेवायला एकत्र बसलेलं असणार. तळावर परतल्यावर निरोप मिळाला की पहिली मुलगी झाली. हा सल चाळीस वर्षं टिकला. १९८५ मध्ये ऑस्ट्रियन टेलिव्हिजनवर त्यांनी ही गोष्ट सांगितली, तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कळवलं की ते घर माझं होतं, विमान येताना दिसल्यावर आम्ही सगळे बाहेर पळून लपलो, कोणालाही काही झालं नाही.

तिसरा, शेवटची मोहीम, २५ एप्रिल १९४५, लिंझ. विमानाला ११० भोकं पडली, हायड्रॉलिक निकामी झालं, म्हणजे चाकं हाताने फिरवून खाली आणायची आणि ब्रेक नाहीत असंच धरून चालायचं. बाजूच्या खिडक्यांशी पॅराशूट बांधून, जमिनीला टेकताच ती उघडून वेग मारला गेला. एक तोफची जखमी झाला होता. विमान परत आलं.

युद्ध संपल्यावर, मे आणि जूनमध्ये, याच बॉम्बरमधून उत्तर इटलीत अन्नाची पोती नेण्यात आली आणि मॅकगव्हर्न यांनी त्या फेऱ्याही केल्या. पदकांच्या यादीत याचा उल्लेख नसतो, पण पुढच्या कामाच्या दृष्टीने मला व्हिसपेक्षा या फेऱ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात.

मग विरोधाभास कुठे आहे? माझ्या मते नाहीच. मॅकगव्हर्न शांततावादी कधीच नव्हते. हिटलरविरुद्धचं युद्ध त्यांना शेवटपर्यंत योग्यच वाटलं. सिनेटमध्ये व्हिएतनाम धोरणावर त्यांनी पहिली टीका केली ती सप्टेंबर १९६३ मध्ये, म्हणजे बहुतेकांच्या आधी. आणि तरीही अध्यक्षांना व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची मोकळीक देणाऱ्या ऑगस्ट १९६४ च्या टोंकिन आखाताच्या ठरावाला त्यांनी होकारार्थी मत दिलं. ही त्यांची चूक होती, आणि ती त्यांनी नंतर मान्य केली. सैन्य परत आणण्याची मुदत ठरवणारी मॅकगव्हर्न-हॅटफिल्ड दुरुस्ती १ सप्टेंबर १९७० ला ५५ विरुद्ध ३९ मतांनी पडली. मतदानाआधीच्या भाषणात ‘या सभागृहाला रक्ताचा वास येतोय’ असं त्यांनी सिनेटरांना तोंडावर सुनावलं. बॉम्ब खाली पडतो तेव्हा तो कुणाच्या जेवणाच्या वेळेला पडतो, हे त्या सभागृहातल्या फार थोड्यांना स्वानुभवाने माहीत होतं.

आता कामगारांची बाजू. युद्धानंतर काही महिने त्यांनी पाद्री व्हायचा प्रयत्न केला, इलिनॉयमधल्या एका छोट्या चर्चमध्ये. ते जमलं नाही आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात इतिहासाकडे वळले. पीएचडी १९५३ ची. विषय: कोलोरॅडोतला १९१३-१४ चा कोळसा खाणकामगारांचा संप. २० एप्रिल १९१४ ला लडलो इथल्या संपकऱ्यांच्या तंबूवस्तीवर राज्याच्या सैनिकांनी आणि कंपनीच्या माणसांनी हल्ला केला. तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून मेली. कंपनीवर रॉकफेलर घराण्याचा ताबा होता. खाणीत बालपण घालवलेल्या बापाच्या मुलाने हा विषय निवडावा, यात नवल नाही.

पीएचडी हातात आली आणि त्याच वर्षी त्यांनी प्राध्यापकी सोडून साउथ डकोटाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं कार्यकारी सचिवपद घेतलं. मित्रांना हा वेडेपणा वाटला, आणि आकडे पाहिले तर तो होताच. राज्याच्या विधिमंडळात ११० पैकी २ जागा डेमोक्रॅटांकडे, राज्यस्तरावरचं एकही पद नाही. स्वतःचा पगारसुद्धा वर्गणीतून उभा करायचा. इथे त्यांनी जे काम केलं ते कोणत्याही ग्रामीण कार्यकर्त्याने अभ्यासावं असं आहे. जुन्या मोटारीने एकेक काउंटी (तिथला जिल्हा) पालथी घालायची. गावात गेल्यावर सभा घ्यायची नाही, आधी माणसं शोधायची: किराणा दुकानदार, धान्याच्या कोठाराचा व्यवस्थापक, शेतकरी संघटनेचा स्थानिक पदाधिकारी. भेटलेल्या प्रत्येकाचं छोटं कार्ड. त्यावर नाव, ठिकाण, त्याला कशाची चीड आहे आणि तो काय करू शकेल. मग त्या कार्डांवरून काउंटीत एक-दोन जबाबदार माणसं नेमायची आणि पुढच्या निवडणुकीसाठी उमेदवार उभे करायचे, हरणार हे माहीत असलं तरी. जागा रिकामी सोडली की लोकांना मत देण्याची सवयच लागत नाही. १९५४ मध्ये २ च्या २५ जागा झाल्या. कार्डांचा तो साठा पुढे त्यांच्या स्वतःच्या प्रत्येक निवडणुकीचं भांडवल ठरला.

वेळही जुळून आली होती. आयझनहॉवर यांचे शेतीमंत्री एझ्रा बेन्सन यांनी ९० टक्के ‘पॅरिटी’ची हमी काढून ती बाजारानुसार ७५ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान खालीवर होईल अशी केली. पॅरिटी म्हणजे काय? १९१० ते १९१४ या काळात एक बुशेल (धान्य मोजायचं अमेरिकी माप) गहू विकून शेतकरी जेवढा माल विकत घेऊ शकत होता, तेवढाच आजही घेता यावा असा भाव. आपला हमीभाव उत्पादनखर्चावरून ठरतो. पॅरिटी ठरते क्रयशक्तीवरून. म्हणजे ट्रॅक्टर महागला की गव्हाचा पॅरिटी भावही वर जायला हवा. ती हमी खाली सरकली आणि साउथ डकोटाचे जन्मजात रिपब्लिकन शेतकरी प्रथमच दुसऱ्या पक्षाचं ऐकायला तयार झाले. १९५६ मध्ये मॅकगव्हर्न विद्यमान खासदार हॅरॉल्ड लव्हर यांना साधारण १०,७०० मतांनी हरवून प्रतिनिधी सभेत गेले.

१९५८ ची लढत मजेदार आहे. समोर होते गव्हर्नर जो फॉस, मरीन दलाचे वैमानिक, शत्रूची २६ विमानं पाडलेले, सर्वोच्च सन्मानपदक मिळवलेले. युद्धवीर म्हणून त्यांच्याशी स्पर्धा करणं अशक्यच होतं, म्हणून मॅकगव्हर्न यांनी शेतीचे भाव सोडून दुसऱ्या कशावर फारसं बोलायचंच नाही असं ठरवलं. चौदाएक हजार मतांनी जिंकले. १९७४ मध्ये त्यांच्यासमोर पुन्हा एक वैमानिक आला, व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेले आणि तेच सन्मानपदक मिळवलेले लिओ थॉर्सनेस. तेही हरले. आपल्या ३५ मोहिमांचं भांडवल मॅकगव्हर्न यांनी निवडणुकीत जवळजवळ कधीच केलं नाही. १९७२ मध्ये विरोधक त्यांना भित्रे ठरवत होते तेव्हाही नाही. हा संकोच म्हणा किंवा चुकीची व्यूहरचना म्हणा. मला दुसरी वाटते.

१९६० मध्ये सिनेटसाठी कार्ल मुंट यांच्याकडून पंधराएक हजारांनी हार. १९६२ मध्ये पुन्हा उभे राहिले. प्रचाराच्या ऐन काळात कावीळ झाली, आधीच्या परदेश दौऱ्यात दूषित सुईतून लागलेली. ते अंथरुणाला खिळले आणि एलिनॉर गावोगाव फिरल्या. फेरमोजणीनंतर विजय: ५९७ मतांनी. कार्डं कशासाठी असतात, ते अशा वेळी कळतं.

सिनेटमध्ये पोचल्यावरचं त्यांचं सर्वांत ठोस शेतीविषयक काम म्हणजे गव्हाची प्रमाणपत्र योजना, आणि तीच सर्वांत कमी चर्चेत असते. मे १९६३ मध्ये शेतकऱ्यांनी गव्हाच्या पेऱ्यावरचं सक्तीचं क्षेत्रनियंत्रण सार्वमतात फेटाळलं होतं. भाव कोसळणार हे दिसत होतं. मॅकगव्हर्न यांनी ऐच्छिक योजना मांडली आणि एप्रिल १९६४ चा कायदा त्याच धर्तीवर झाला. हिशेब असा. योजनेत येणाऱ्याने ठरलेलंच क्षेत्र पेरायचं. सरकारी कर्जाचा आधारभाव बुशेलला १.३० डॉलर. त्याच्या सामान्य उत्पादनापैकी ४५ टक्क्यांवर देशांतर्गत प्रमाणपत्र, म्हणजे आधारभावाच्या वर बुशेलला ७० सेंट. आणखी ४५ टक्क्यांवर निर्यातीचं, २५ सेंटचं. उरलेल्या १० टक्क्यांवर काही नाही. म्हणजे शंभर बुशेलचे ४५ × २.०० = ९०, अधिक ४५ × १.५५ = ६९.७५, अधिक १० × १.३० = १३, एकूण १७२.७५ डॉलर, बुशेलला सरासरी पावणेदोन डॉलरच्या जरा खाली. देशांतर्गत प्रमाणपत्रं विकत घ्यायची ती पीठगिरण्यांनी. गिरणीवाले ओरडले, ‘ब्रेडवर कर’ अशी हाकाटी झाली, पण उलटी पट्टी टळली.

इथेच दुसऱ्या प्रश्नाचं मूळ आहे. शेतकऱ्याचं राजकारण आणि संघटित कामगाराचं राजकारण एकाच गाडीला जुंपता येतं, असं लडलोवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला वाटणं स्वाभाविक होतं. साउथ डकोटाला तसं वाटत नव्हतं. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यातलं कलम १४(ब) राज्यांना असं म्हणायची मुभा देतं की नोकरीसाठी युनियनचं सदस्यत्व सक्तीचं करता येणार नाही. साउथ डकोटाने तर हे १९४६ मध्येच आपल्या राज्यघटनेत घातलं होतं. तिथला शेतकरी स्वतः राबणारा मालक. त्याच्या दृष्टीने युनियन म्हणजे रेल्वेचं भाडं आणि ट्रॅक्टरची किंमत वाढवणारी मंडळी. हे कलम रद्द करायचं विधेयक १९६५-६६ मध्ये सिनेटमध्ये लांबलचक भाषणं करून अडवून धरलं गेलं. ती भाषणबाजी थांबवण्याच्या ठरावाविरुद्ध मॅकगव्हर्न यांनी मत दिलं. राज्याच्या दृष्टीने मत सुरक्षित होतं. पण एएफएल-सीआयओ या कामगार संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष जॉर्ज मीनी यांनी ते सहा वर्षं गाठीला बांधून ठेवलं.

१९ जुलै १९७२ ला त्या महासंघाच्या कार्यकारिणीने २७ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की या वेळी कोणालाच पाठिंबा नाही. १९५५ मध्ये महासंघ झाल्यापासून डेमोक्रॅटिक उमेदवाराला असं वाऱ्यावर सोडण्याची ही पहिलीच वेळ. कारण फक्त १४(ब) नव्हतं. मीनी व्हिएतनाम युद्धाचे समर्थक होते. शिवाय पक्षाच्या प्रतिनिधी निवडीचे नियम बदलणाऱ्या आयोगाचे मॅकगव्हर्न पहिले अध्यक्ष होते. त्या नियमांनी बंद खोलीतल्या पुढाऱ्यांची आणि युनियन नेत्यांची सद्दी संपवून तरुण, स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांना जागा दिल्या. ज्यांच्या खुर्च्या गेल्या ते शरद ऋतूत प्रचाराला घरोघर फिरायला येणार नाहीत, हे वेगळं सांगायला नको. मोटार कामगार, यंत्रकामगार, सरकारी कर्मचारी अशा काही युनियन स्वतंत्रपणे मागे उभ्या राहिल्या. सेझर चावेझ यांची शेतमजूर युनियनही राहिली, आणि कॅलिफोर्नियाच्या प्राथमिक निवडणुकीत तिचे कार्यकर्ते राबले. यातली गंमत अशी की साउथ डकोटाच्या कौटुंबिक शेतीत मजूर जवळपास नसतो. खरा शेतमजूर मॅकगव्हर्न यांच्या राजकारणात आला तो कॅलिफोर्नियाच्या मळ्यांतून.

बाकी कारणं सगळ्यांना माहीत आहेत. उपाध्यक्षपदाचे उमेदवार ईगलटन यांनी नैराश्यासाठी घेतलेले विजेचे उपचार उघड झाले आणि १८ दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. पण ग्रामीण भागापुरतं आणखी एक कारण होतं, जे क्वचितच सांगितलं जातं. १९७२ च्या जुलैत निक्सन यांनी सोव्हिएत संघाला धान्यखरेदीसाठी ७५ कोटी डॉलरची उधारी दिली. सोव्हिएत खरेदीने गव्हाचे भाव ऐन निवडणुकीच्या तोंडावर वर गेले. बड्या धान्य कंपन्यांनी आतली बातमी वापरून शेतकऱ्यांकडून आधीच स्वस्तात गहू उचलला, असा आरोप मॅकगव्हर्न करत राहिले. पण भाव चढत असताना कोण ऐकतो? ज्या रागावर त्यांनी १९५६ जिंकलं तो रागच उरला नव्हता. निकाल: ३७.५ टक्के मतं, फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा जिल्हा. साउथ डकोटातही ५४ विरुद्ध ४५ अशी हार.

शेवटचा तडाखा मात्र पूर्णपणे घरचा होता. सिनेटच्या पोषणविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून मॅकगव्हर्न यांनी कॅन्ससचे रिपब्लिकन बॉब डोल यांच्याबरोबर फूड स्टॅम्पचा कायदा १९७७ मध्ये इतका सुधारला की गरिबांना कूपन मिळवण्यासाठी आधी पैसे भरावे लागत, ते बंद झालं. पण त्याच वर्षी त्याच समितीने आहारविषयक उद्दिष्टं प्रसिद्ध केली आणि त्यात मांस कमी खा असा सल्ला दिला. मिसुरी नदीच्या पश्चिमेचा अर्धा साउथ डकोटा गुरांवर जगतो. वर्षअखेरच्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द मवाळ केले गेले, तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. १९८० मध्ये ते ५८ विरुद्ध ३९ टक्क्यांनी पडले. निवृत्तीतही संघटित कामगारांशी सूर जुळला नाही: गुप्त मतदानाऐवजी सह्यांवर युनियन मान्य करण्याच्या विधेयकाला त्यांनी २००८ मध्ये जाहीर विरोध केला. पोरांना शाळेत जेवण देण्याची डोल यांच्यासोबतची आंतरराष्ट्रीय योजना मात्र टिकली. २१ ऑक्टोबर २०१२ ला वयाच्या नव्वदाव्या वर्षी सू फॉल्समध्ये ते वारले.

आता आपला लाल गहू. १९६० च्या पराभवानंतर केनेडींनी मॅकगव्हर्न यांना ‘फूड फॉर पीस’ या अन्नमदत खात्याचे संचालक नेमलं, जानेवारी १९६१ ते जुलै १९६२. हे खातं पीएल-४८० म्हणजे अमेरिकेचं जादा धान्य इतर देशांना सवलतीत द्यायच्या जुलै १९५४ च्या कायद्यावर चालायचं. भारताचा सर्वांत मोठा करार त्याआधीच, ४ मे १९६० ला झाला होता, आणि त्यावर आयझनहॉवर यांच्यासोबत सही होती तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री, मुंबईचे स. का. पाटील यांची. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. म्हणजे करार मॅकगव्हर्न यांचा नाही. तो अमलात येत होता त्यातला दीड वर्षाचा काळ त्यांचा.

व्यवहार कसा चालायचा ते पाहा. भारत सरकार खरेदीची परवानगी घेई आणि अमेरिकेतल्या खाजगी व्यापाऱ्याकडून गहू उचले. व्यापाऱ्याला डॉलर देई अमेरिकी सरकारचं महामंडळ. भारत तेवढ्याच किमतीचे रुपये अमेरिकेच्या खात्यात इथेच भरे. किमान निम्मा माल अमेरिकी जहाजांतून आणण्याची अट होती. साचलेल्या रुपयांतून दूतावासाचा खर्च चाले, बाकीचे बहुतांश भारतालाच कर्ज आणि अनुदान म्हणून परत मिळत. शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये १,६६४ कोटी रुपयांचा चेक देऊन हा हिशेब मिटवला गेला.

यात चुकलं काय? स्वस्त गव्हाने इथल्या शेतकऱ्याचा भाव दाबला आणि सरकारला शेतीत पैसा घालायची निकड वाटली नाही. साउथ डकोटाची उलटी पट्टी टाळण्यासाठी निघालेला गहू इथल्या शेतकऱ्याच्या पट्टीवर येऊन बसला, असं म्हटलं तर फार चूक नाही. मॅकगव्हर्न यांचा भर ‘जादा माल खपवणे’ याऐवजी शाळेतल्या जेवणावर आणि कामाच्या मोबदल्यात धान्यावर होता. एप्रिल १९६१ मध्ये रोमला त्यांनी दहा कोटी डॉलरच्या बहुराष्ट्रीय अन्नसाठ्याची कल्पना मांडली, त्यात अमेरिकेचे चार कोटी देऊ केले, आणि त्यातून जागतिक अन्न कार्यक्रम उभा राहिला. १९६५ नंतर जॉन्सन यांनी महिन्या-महिन्याने गहू सोडून भारताचं नाक दाबलं, तेव्हा मॅकगव्हर्न त्या खात्यात नव्हते.

मिलोबद्दल सांगायचं तर १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने खाल्लेली ती लालसर अमेरिकी ज्वारी पीएल-४८० ची, असं सर्रास म्हटलं जातं. पण पीएल-४८० चा सवलतीचा पुरवठा १९७१ अखेर, बांगलादेश युद्धाच्या वेळी थांबला होता. त्यानंतर बाहेरून आलेलं धान्य मुख्यतः रोखीने घेतलेलं. गाजर गवतही पीएल-४८० च्या गव्हातून आलं, असं म्हणतात. त्याचंही तसंच. त्याची पुण्यातली नोंद १९५५ ची आणि भारताचा पीएल-४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. १९५१ मध्ये कर्जाऊ अमेरिकी गहू आला होता, त्यामुळे अमेरिकी धान्याला सरसकट निर्दोष सोडता येत नाही. पण पीएल-४८० च्या पोत्यातून ते पहिल्यांदा आलं, हे तारखांत बसत नाही.